झाकलेली बरणी

खरं बोलणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं तर हात जोडूनच बसायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. मालपोटे सर खरं बोलायचे. जन्मभर बोलले, आणि एकदा तर असं बोलले की त्यात त्यांचं स्वतःचं नाव, माझी पदवी आणि आणखी एका बाईची रोजीरोटी गेली. तेव्हा मी काही हात जोडून बसणार नाही. मला त्यांचा राग आहे. आणि त्यांची आठवण आल्यावाचून माझा एक आठवडा जात नाही, हेही तितकंच खरं आहे.

डॉ. सखाराम मालपोटे, रसायनशास्त्रज्ञ. गाव कार्ल्याच्या पुढं आतल्या अंगाला, घरची भातशेती. लोणावळ्याबाहेरच्या एका संशोधन संस्थेत त्यांची तीस वर्षं नोकरी झाली. संस्थेचं नाव मी घेत नाही, उगाच नोटीस यायची. सरांचा विषय जन्मभर एकच. पाणी घ्यायचं, त्यात एका विशिष्ट भुकटीचा लेप दिलेला पत्रा बुडवायचा, उन्हात ठेवायचं, आणि उन्हाच्या जोरावर पाण्यातला हायड्रोजन सुटा करायचा. वीज नको, कोळसा नको. हायड्रोजन जाळला तरी धूर नाही, परत पाणीच होतं. ऐकायला इतकं सोपं की कुणीही म्हणावं, मग अडलंय कुठं? तर भुकटीत अडलंय. जगभर माणसं त्या भुकटीमागे लागलेली आहेत, आणि सर त्यांतले एक होते.

आता उन्हावर संशोधन करायचं आणि राहायचं लोणावळ्यात, हाच मुळात विनोद. जून मध्यावर आला की सप्टेंबर संपेपर्यंत इथं सूर्य फक्त पंचांगात उगवतो. भिंतींना बुरशी येते, चपलांना येते, फायलींना येते. पुण्याहून येणारे पाहुणे हमखास विचारायचे, "सर, सोलापूरला का नाही गेलात? तिकडं मरणाचं ऊन आहे." सर शांतपणे म्हणायचे, "मला घरचा तांदूळ लागतो." पाहुणे हसायचे. सर हसत नसत, कारण ते खरंच सांगत असायचे. परदेशातून दोनदा बोलावणं आलं होतं. एकदा भाताची लावणी होती, एकदा काढणी. दोन्ही वेळा सर गेले नाहीत, आणि संस्थेतल्या शहाण्यासुरत्या लोकांनी त्यांना दोन्ही वेळा वेड्यात काढलं.

पावसाळ्यात आम्ही मोठ्या दिव्याखाली प्रयोग करायचो, पण दिव्यावर सरांचा जीव नव्हता. "दिवा आपण विकत आणलेला असतो," म्हणायचे, "तो आपल्याला पाहिजे तसं बोलतो." म्हणून श्रावणात ढग फाटून जरा ऊन पडलं की हातातलं काम टाकून सगळ्यांनी बरण्या घेऊन गच्चीवर धावायचं, असा प्रयोगशाळेचा कायदा होता. उन्हावर पाळत ठेवायचं काम हौसामावशींकडं. मावशी आमच्याकडं काचसामान धुवायच्या. डोंगरावरच्या वाडीतून तासभर चालत खाली यायच्या, कंत्राटदाराच्या वहीवर सही करायच्या आणि मागच्या व्हरांड्यातल्या मोरीवर बसायच्या. तिथून आभाळाचा तुकडा दिसायचा. ऊन आलं की त्यांची हाक सगळ्या इमारतीत घुमायची, "सर, ऊन आलं ओ!"

एकदा दिल्लीहून समिती आली होती. आम्हाला पुढची तीन वर्षं पैसे द्यायचे की नाहीत ते ठरवायला. संचालक स्वतः उभे राहून संस्थेची थोरवी गात होते, कोट घातलेले तिघं जण डुलक्या आवरत होते, आणि नेमकी मावशींची हाक आली. सर खुर्ची मागं ढकलून उठले. एरवी सर पुस्तकी मराठी बोलायचे, पण हरखले की मावळी बोली तोंडात यायची. "आरं, ऊन आलंय! चला, चला, बरण्या घ्या!" संचालकांचं वाक्य तोंडातच राहिलं. समितीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात सरांनी एक बरणी दिली, दुसऱ्यांच्या हातात दुसरी. अकरा-बारा मिनिटं ते तिघं कोटवाले गच्चीवर शेवाळात उभे राहून नळीत चढणारे बुडबुडे बघत होते. मग परत अंधारून आलं. पैसे मंजूर झाले. संचालकांनी मात्र तो अपमान मनात ठेवला, आणि पुढं वेळ आल्यावर त्याचा वचपा बरोबर काढला.

बुडबुड्यांवरून आठवलं. नव्या विद्यार्थ्याला सर पहिल्या दिवशी सोड्याची बाटली फोडून द्यायचे. पोरगं खूश. अर्धी बाटली झाली की सर विचारायचे, "बुडबुडे दिसले?" दिसले सर. "मग काय, लागला शोध?" एवढं बोलून निघून जायचे. बुडबुडा दिसला म्हणून हुरळायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा जुळ्या बरणीचा. उन्हात एक बरणी ठेवली की तशीच, त्याच पाण्याची, तसाच पत्रा घातलेली दुसरी बरणी काळ्या फडक्यात गुंडाळून जिन्याखालच्या लोखंडी कपाटात ठेवायची. उन्हातली बुडबुडली आणि अंधारातली गप्प राहिली, तरच म्हणायचं की हे उन्हाचं काम. "आधी अंधारातली बघा," असं ते दिवसातून दहादा म्हणायचे. मला स्वप्नातही ऐकू यायचं. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते; मला ते 'शिर्के' म्हणायचे, नुसतं आडनाव. पाच वर्षांत माझं पाळण्यातलं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

भात झोडणीच्या दिवसांत ते आम्हा विद्यार्थ्यांना घरी जेवायला न्यायचे. वाकून भात झोडायचा, मग जेवण. एका वर्षी त्यांचे थोरले भाऊ खळ्यावर आम्हाला म्हणाले, "आमचा सखा पाण्यातनं जाळ काढतोय. लय वर्सं झाली. अजून एका चहापुरताबी निघाला न्हाई." आम्ही हसू दाबलं. सर पेंढा बाजूला करत अगदी गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, आता निघतो. अर्ध्या चहापुरता." भाऊंनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मंग उरलेला आमच्या चुलीवर उकळ." त्या दिवशी सर जितके हसले तितकं मी त्यांना नंतर कधी हसताना पाहिलं नाही.

आणि खरोखरच निघत होता. माझ्या तिथल्या शेवटच्या दोन वर्षांत सरांच्या पत्र्यांनी जोर धरला होता. पोस्टकार्डाएवढे अॅल्युमिनियमचे पत्रे, त्यावर सरांच्या भुकटीचा लेप. आमच्या बरण्यांतून जेवढा हायड्रोजन यायचा तेवढा त्या जातीच्या भुकटीतून कुणालाच मिळाला नव्हता. पंधरवड्याने पत्रा दमायचा. मग जुना लेप खरवडायचा, पत्रा घासूनपुसून नवा लेप द्यायचा, की पुन्हा ताजातवाना. पाणी फुटतं तेव्हा हायड्रोजनच्या निम्मा ऑक्सिजनही यायला हवा. आमच्याकडं तो जवळजवळ यायचाच नाही. पण तो पत्रा शोषून घेतो, असं एक उत्तर आम्ही तयार ठेवलं होतं, आणि उत्तर चांगलं असलं की प्रश्न कोण विचारतो? शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात छापून आला. पुण्यात सरांचा सत्कार झाला, शाल मिळाली. ती त्यांनी भाऊंना दिली.

मग बाहेरून पत्रं यायला लागली. दोन ठिकाणच्या लोकांनी आमच्या कृतीबरहुकूम पत्रे केले आणि त्यांना काहीच मिळालं नाही. सरांनी आपले दोन पत्रे कुरियरने पाठवले. ते तिथं चालले! त्यांनी केलेले चालेनात, आमचे चालतात. सरांची मान ताठ झाली. "त्यांच्या हाताला गुण नाही," म्हणाले. सोड्याची बाटली देऊन पोरांना शहाणं करणारा माणूस, पण तो असं बोलला, आणि मी त्याला मान डोलावली. कारण मी तेव्हा प्रबंध लिहायला बसले होते. रोज बेगडेवाडीहून लोकलने यायची, आणि जाता-येता मांडीवर वही घेऊन लिहायची. दोन महिन्यांत सगळं हातावेगळं होणार होतं.

तो एप्रिल होता. दुपारी मी बरण्या गच्चीवर लावल्या, आणि प्रबंधाच्या छपाईवाल्याचा फोन आला म्हणून जिन्यात गेले. काळ्या फडक्यातली जुळी बरणी कपाटात ठेवायची राहिली. तासाभराने मावशी फडकी वाळत घालायला वर आल्या, आणि त्यांनी कठड्यावरून मला हाक मारली.

"ओ ताई, ही झाकलेली बरणी हाय नव्हं?"

"हो. राहिली ती. खाली घेऊन या ना मावशी."

"न्हाई पर, ही बुडबुडतीय की. हिला ऊन कुटं लागलंय?"

मी वर गेले. फडकं नीट गुंडाळलेलं होतं, प्रकाश जायला कुठं फट नव्हती. आणि तिच्या नळीत शेजारच्या उघड्या बरणीच्या नळीइतकेच बुडबुडे चढत होते.  माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगते, लपवून काय उपयोग? मला वाटलं, बरणी उचलावी, कपाटात टाकावी आणि मावशींना म्हणावं, काही नाही हो, जुनं पाणी आहे. पण मावशींनी तोवर खाली सरांना हाक घातली होती.

सर आले. उकिडवे बसले.  मग त्यांनी फडक्यावरून बरणीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. उन्हात तापून ती चांगली कढत झाली होती. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिर्के, ते जिन्याखालचं कपाट केवढं गार असतं?"

एवढंच. पण मला सगळं कळलं. इतकी वर्षं आम्ही उन्हातली बरणी आणि अंधारातली बरणी अशी तुलना करत नव्हतो. आम्ही गरम बरणी आणि गार बरणी अशी तुलना करत होतो.

पुढचे तीन आठवडे सरांनी सगळ्यांशी बोलणं टाकलं. जुळी बरणी त्यांनी अंधारातच, पण गरम पाण्याच्या टोपात ठेवली. ती बुडबुडली. लेप न दिलेला कोरा पत्रा आम्ही पूर्वी तपासला होता, तेव्हा तो गप्प बसला होता; पण तो दुकानातून आलेला, न घासलेला होता. आता सरांनी घासलेला कोरा पत्रा घातला. तो सगळ्यांत जास्त बुडबुडला. मग ते मागच्या व्हरांड्यात मोरीपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, पत्रे कशानं घासता?"

मावशींना वाटलं, सर कामाचं कौतुक करायला आलेत. त्यांनी उठून कोनाड्यातला डबा काढून दाखवला. "राखंनं. घरच्या चुलीची हाय, फडक्यातनं गाळून आणती. साबनानं चिकाट जात न्हाई, सर. राखंनं कसा लख्ख व्हतो बगा."

"कधीपासून?"

"तुमी पत्रं दिलं तवापासनं. तुमीच म्हणला न्हवता व्हय, 'मावशी, आरशावानी केलंत'?"

म्हणाले होते. मीही ऐकलं होतं. घासलेल्या पत्र्याच्या बारीक चरांत राखेतला खार राहायचा, त्यावर आम्ही लेप चढवायचो, आणि गरम पाण्यात तो खार अॅल्युमिनियमला खायचा. त्यातून सुटायचा तो हायड्रोजन. पत्रा दमायचा, कारण खार संपायचा. परत घासला की परत जोर यायचा. कुरियरने गेलेले पत्रे चालायचे, कारण राख आमच्याबरोबर प्रवास करायची. सूर्य त्यात फक्त पाणी तापवायचा, आणि ते काम चुलीतल्या जाळानंही झालं असतं.

यात मावशींची चूक काय? भुकटी किती तास भाजायची, किती सेकंद ढवळायची, याची सरांची सोळा पानांची टिपणं होती. घासण्याबद्दल एक ओळ होती: पत्रे स्वच्छ करून घ्यावेत. कशानं, ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या मावळातल्या कुठल्याही घरात जेवून उठलेला पुरुष भांडी कशानं घासली हे विचारत नाही. सर इतके शिकले, पण ती सवय त्यांनी ताटावरून उठून थेट प्रयोगशाळेत आणली होती. आणि मी बाई असून मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण मी संशोधन करत होते आणि मावशी घासत होत्या.

सर संचालकांकडं गेले. मीही बरोबर होते. संचालकांनी सगळं ऐकून दार लावून घेतलं. "सर, जरा प्रॅक्टिकल व्हा. सगळीकडं हायड्रोजनचे वारे आहेत. आत्ता हे बाहेर काढून कुणाचं भलं होणार? पुढील अभ्यास चालू आहे, असं म्हणू. दोन वर्षांत लोक विसरतात." सर म्हणाले, "चुकलं ते चुकलं. निबंध मागं घ्यायचा." बाहेर आल्यावर मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. विनवण्या केल्या. दोन महिने थांबा, माझी तोंडी परीक्षा होऊ दे, मग काय लिहायचं ते लिहा. मी रडलेसुद्धा. सर म्हणाले, "खोट्यावर पदवी घेशील, शिर्के?" माझं उत्तर मनात तयार होतं. घेतली असती. आनंदानं घेतली असती. असं उत्तर द्यायला लावणारा प्रश्न माणसानं माणसाला विचारू नये.

निबंध मागं घेताना कारण द्यावं लागतं. सरांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. अतिशय काटेकोर मजकूर होता. तुलनेची बरणी गार जागी ठेवली जाई, ही मांडणीतली चूक आमची. पत्रे मदतनीस स्त्री घरच्या चुलीतील राखेने घासत असे, हा बाहेरून आलेला दोष. आणि शेवटी, एकदा चुकून गच्चीवर राहिलेल्या झाकलेल्या बरणीवरून ही गोष्ट उघडकीस आली. इथं माझी बोटं थांबली होती. मला दिसत होतं की कठड्यावरून हाक मारणारी बाई या वाक्यात नाही. पण मला ते पत्र एकदाचं संपवायचं होतं. माझं बुडालं होतं, आता कुणाचं राहतंय याच्याशी मला काय करायचंय, असं वाटत होतं. मी पूर्णविराम दिला.

सरांना वाटलं होतं, खरं लिहिलं की त्यातलं सगळं खरं वाचलं जाईल. संस्थेच्या चौकशी समितीनं तीन वाक्यांतलं मधलं तेवढं उचललं. अप्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे संस्थेच्या लौकिकास बाधा. संचालकांना जुना हिशेब चुकता करायला सर सापडले नाहीत, कारण सर कायम नोकरीत होते. मावशी कंत्राटावर होत्या. कंत्राटदाराच्या मुकादमानं त्यांना फाटकावरच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्या मोरीवरचा राखेचा डबासुद्धा न घेता गेल्या.

सर भडकले हे खरं. त्यांनी संचालकांना दोन पानी पत्र लिहिलं की दोष कार्यपद्धतीचा आहे आणि कार्यपद्धती माझी आहे. संचालक म्हणाले, "पण सर, राखेचं तुम्हीच तर लिहिलंय."  सर परत आले आणि मला म्हणाले, "मी लेखी दिलंय." पुढं मावशींचा विषय निघाला की त्यांचं हे एकच वाक्य असायचं. लेखी दिलं की त्यांच्या लेखी काम संपायचं. फाटकावर जाऊन बसले नाहीत, राजीनामा फेकला नाही, वाडीवर गेले नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती त्यांनी रोज वेळेवर येऊन काढली. पावसाळ्यात ऊन पडायचं आणि जायचं, कुणी हाक मारत नसे. सर खिडकीतून बघायचे आणि पुन्हा कागदात डोकं घालायचे.

मी तळेगावला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. नावामागं डॉक्टर लागलं नाही ते नाहीच. आता तळेगावात जिकडं बघावं तिकडं हरित हायड्रोजनच्या पाट्या आहेत. परिसंवाद होतात, शाली दिल्या जातात, आमचे तेच संचालक निवृत्तीनंतर त्या विषयातले जाणकार म्हणून भाषणं ठोकत हिंडतात. सरांना कुणी बोलावत नाही. खोटं छापलेला माणूस अशी त्यांची ओळख झाली. ते खोटं त्यांनीच हुडकून काढलं, हे कुणाच्या लक्षात नाही. आपण चुकलो म्हणणाऱ्याची चूक तेवढी जगाला पाठ होते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत नाही, पण सांगायला पाहिजे.

परवाच्या मे महिन्यात सरांचा फोन आला. निवृत्तीनंतर तेही तळेगावातच एका सोसायटीत राहायला आलेत, पण आमची गाठभेट फारशी होत नाही. म्हणाले, "शिर्के, हौसामावशी कार्ल्याच्या फाट्यावर बसतात म्हणे. मला जायचंय. येतेस?" इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, कशाला? म्हणाले, "त्यांचा गैरसमज झालाय. तो काढायचाय."

मावशी रस्त्याच्या कडेला निळं कापड बांधून बसल्या होत्या. पुढ्यात करवंदांची पाटी, काकड्या, ताकाची कळशी. गडावर देवीला जाणाऱ्या बसगाड्या थांबत होत्या. मावशींनी आम्हाला ओळखलं, हसल्याही. "या सर. ताई, तुमी लय वाळलासा." सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. ते इंग्रजी पत्र त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात मराठीत उतरवून आणलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, मावशींनी ते एकदा ऐकलं म्हणजे त्यांना कळेल की आपल्याला कुणी दोष दिलेला नाही, फक्त झालं ते लिहिलंय. रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहून, गाड्यांच्या आवाजावर आवाज चढवून, त्यांनी ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मावशींनी मध्ये दोन गिऱ्हाइकं केली, पण कान इकडंच होता. वाचून झाल्यावर सर त्यांच्याकडं बघत राहिले, परीक्षेचा पेपर दिलेल्या मुलासारखे.

मावशींनी हात पदराला पुसले.

"ह्यात मी राख लावली ते हाय."

"हो. पण दोष म्हणून नाही मावशी. कारण म्हणून."

"असू दे. मी दावलं ते कुटं हाय?"

सरांनी कागदावर नजर टाकली. मग पुन्हा वरपासून टाकली. तिथं ते असणार नाही हे मला माहीत होतं.

"झाकलेल्या बरणीवरून उघडकीस आलं, असं आहे," सर म्हणाले.

"बरनी काय तोंडानं बोलली व्हय, सर?"

त्या रागानं नव्हत्या बोलल्या. तेच वाईट होतं. राग असता तर सरांना म्हणता आलं असतं की मी लेखी दिलंय. सर कागद हातात धरून उभे राहिले.  मी इतकी वर्षं त्यांच्यावर रागावत आले होते, आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा बघून मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या वाक्याचा पूर्णविराम मी दिला होता, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. मी तेही सांगितलं नाही.

एक बस येऊन थांबली. पोरंबाळं घेतलेल्या चार-पाच बाया उतरल्या आणि करवंदांच्या पाटीकडं आल्या. सर आणि मी बरोबर पाटीच्या पुढ्यात उभे होतो.

"जरा बाजूला व्हा, सर," मावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईक हाय."

सर बाजूला झाले. त्यांच्यामागं मीही झाले.